कापडाला हात न लावता

भिंगरी एका जागी बसलीय असं कुणी कधी पाहिलं नाही. पाळण्यातसुद्धा अंग वळवून वळवून पालथी पडायची, म्हणून भिंगरी. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथंच राहिलं. आणि अशा पोरीला सहा महिने एका खुर्चीत, भिंतीकडे तोंड करून बसवलं. सांगताना डोकं तापतं, पण तापू दे. थंड डोक्यानं सांगण्यासारखं हे नाहीच.

तिची आई शिवणकाम करते. नवं शिवायचं कमी, जुनं दुरुस्त करायचं जास्त. कुणाची बाही आखूड, कुणाची कंबर सैल, कुणाची चेन अडकलेली. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मशीनशेजारी कापायचं लांब टेबल, आणि त्या टेबलाखाली भिंगरी. वरून चिंध्या पडायच्या, ही गोळा करायची. पोर फारच वळवळायला लागली की मायलेकींचा एक खेळ होता.

"डोळे मीट गं."

ही डोळे मिटायची. आई तळहाताखाली एक चिंधी सरकवायची.

"सांग."

"सुती."

"ही?"

"लोकर. टोचते."

"आणि ही?"

"रेशीम. पण खोटं!"

"खोटं कशावरून, शहाणे?"

"खरं आधी गार लागतं नि मग आपल्यासारखं गरम होतं. हे नुसतंच घसरतं."

मखमल आली की दोघींची चैन. मखमलीवरून एका बाजूनं हात फिरवला तर लोण्यासारखा जातो, दुसऱ्या बाजूनं फिरवला तर अडतो. मऊ लागली की दोघी म्हणायच्या, "मांजर सुलट." अडली की, "मांजर उलट." मांजराच्या डोक्याकडून शेपटीकडे हात नेला तर ते डोळे मिटून घेतं, शेपटीकडून डोक्याकडे नेला तर वळून बोचकारतं, तसं. आई सांगायची, "हे कापड भारी मानी, बरं का. एका कोटात एक बाही सुलट नि दुसरी उलट लागली तर एक काळपट दिसेल, एक फिकी. दोन कोटांचा मिळून एक केल्यासारखा. मखमलीचे सगळे तुकडे एकाच तोंडानं कापायचे." सहा वर्षांच्या पोरीला हे पाठ होतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मोठी झाली तशी भिंगरीनं कपडे बनवायच्या शिक्षणाचं कॉलेज धरलं. शेवटच्या वर्षी सहा महिने कुठंतरी शिकाऊ म्हणून काम करायचं असतं, त्याला इंटर्नशिप म्हणतात. तिचं प्रमाणपत्र आणलं नाही तर वर्ष जातं. तिच्यापुढं दोन वाटा आल्या. एक लहानसा कारखाना, दोन बस बदलून जायचा. तिथली मालकीण तोंडावर म्हणाली, "पहिला महिना झाडू. दुसऱ्या महिन्यात कात्री. जमत असेल तर ये." दुसरी मोठी कंपनी, जिचं नाव कोटाच्या आत सोनेरी दोऱ्यानं शिवलेलं असतं. ती म्हणाली, यायचं नाही. घरी बसूनच, कॉम्प्युटरवर. आणि सहा महिने नीट काढले तर कटिंग विभागात कायमची जागा मिळू शकेल, असं लेखी दिलं. "मिळेल" नाही हं, "मिळू शकेल." ते "शकेल" बापाला दिसलंच नाही, आणि भिंगरीला दिसून न दिसल्यासारखं झालं. ती जागा म्हणजे तिचा जीव होता. आईच्या टेबलापेक्षा दहापट लांब टेबल, आणि त्याच्याशी उभं राहून कापायचं.

बाप ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. तो घरी आला तेव्हा बोलणं निघालं.

"दोन बस बदलून झाडू मारायला?" बाप म्हणाला. "आणि ही एवढी मोठी कंपनी आपल्या पायानं घरात चालत आलीय. मी जन्मभर ऊन खाल्लं. माझी पोरगी तरी सावलीत बसू दे."

"अहो, पण कापड तिकडे नि पोरगी इकडे," आई म्हणाली. "शिकणार काय? फोटो?"

"आता सगळं असंच असतं. तू मशीनच्या पलीकडचं जग पाहिलंयस कधी?"

आईनं टाचण्या तोंडात धरल्या. आणि खोटं कशाला बोला, भिंगरीलाही त्या सोनेरी नावाची भूल पडली होती. बापानं पदरमोड करून तिला चाकाची खुर्ची आणली. पाठीला गादी, हाताला टेकू. साहेबाची खुर्ची.

झालं, पोरगी खुर्चीत बसली.

काम कसलं, तर मार्करचं. म्हणजे कोटाचे पुढचे, मागचे, बाह्यांचे, कॉलरचे सगळे तुकडे एका लांब पट्टीवर खेटून खेटून मांडायचे, कापड कमीत कमी वाया जाईल असे. ती पट्टी कारखान्यात कागदावर छापतात, कापडाच्या थरांवर ठेवतात आणि कापतात. भिंगरीचं डोकं यात चालायचं. पण कापड कोणतं? तर शीटवर एक नंबर. नुसता आकडा. तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "मॅडम, कापडाचा तुकडा पाठवाल का? एवढासा चालेल."

उत्तर आलं, "नमुने पाठवायची पद्धत नाही."

हिला काम देणारी ही मॅडम म्हणजे स्क्रीनवरचं एक करडं गोल आणि गोलात एक अक्षर. तोंड नाही, हसणं नाही. पोरगी रोज सकाळी त्या अक्षराला "गुड मॉर्निंग मॅडम" करायची. आणि मॅडमनं नियम घालून दिलेला, "बारीकसारीक विचारत बसू नका. पंधरा मिनिटांत उत्तर आलं नाही तर होकार समजा आणि पुढे जा." वा रे वा! अहो, घरात पाहुण्याला चहा विचारला नि तो गप्प बसला, तरी आपण पुन्हा विचारतो. इथं शेकड्यानं कोट कापायचे, आणि गप्प बसणं म्हणजे हो!

त्यात तो हिरवा ठिपका. हिच्या नावाशेजारी ठिपका असायचा. पाच मिनिटं माऊस हलला नाही की पिवळा, आणि पिवळा झाला की निरोप, "आहात का?" शिकवायला कुणी नाही, पण पहाऱ्याला आहे! पोरगी पाणी प्यायला उठायला घाबरायची. शेवटी आईनं तोड काढली. ही उठली की आई त्या साहेबी खुर्चीत बसून माऊस गोल गोल फिरवायची.

"काय गं, मी पण लागले की कंपनीत."

"आई, जोरात नको फिरवू. त्यांना वाटेल मला झटका आलाय."

"येईलच आता, असंच चाललं तर."

हसायच्या दोघी. पण चौथ्या महिन्यात भिंगरीचं हसणं कमी झालं. मान आखडली. समोरची काकू दारातून विचारायची, "नोकरी लागली म्हणे तुला? मग घरीच कशी?" तिला काय सांगणार? ठिपका हिरवा आहे म्हणून?

आता कुणी म्हणेल, घरून काम म्हणजे वाईटच का? तर तसं नाही. भिंगरीची एक मैत्रीण कुबडीवर चालते. तिला दोन बस बदलून जाणं या जन्मी जमलं नसतं. तीही दुसऱ्या एका कंपनीत घरूनच शिकत होती. पण तिची बाई रोज सकाळी तोंड दाखवायची, तासभर बोलायची. पहिल्या दिवशी तिच्या घरी एक खोका आला होता, कापडाच्या चाळीस तुकड्यांचा. तुकडा हातात घे नि मग मांड, असं. ती पोरगी शिकली, चांगली शिकली. भिंगरीनं तो खोका फोनवर पाहिला आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिच्या लक्षात आलं की आपल्याला शिकाऊ म्हणून घेतलेलंच नाही. फुकटचे हात म्हणून घेतलंय, आणि त्या हातांना कापडाला लागू द्यायचं नाही.

सहा महिने संपायला तीन आठवडे उरले होते. एका दुपारी बारा वाजता काम आलं. चारशे कोट, चार वाजेपर्यंत मार्कर हवा. भिंगरीनं शीट उघडलं. कापडाचा नंबर होता, रुंदी होती, आणि "दिशा" नावाचा एक रकाना असतो, तो रिकामा. काही कापडांना तोंड असतं, काहींना नसतं. तोंड असलेल्याचे तुकडे उलटसुलट ठेवता येत नाहीत, आणि तोंड नसेल तर ठेवले की खूप कापड वाचतं. म्हणून तो रकाना. तिनं लिहिलं, "मॅडम, दिशेचा रकाना रिकामा आहे. तुकडे उलटे ठेवले तर चालतील का?"

मॅडमनं वाचलं. वाचल्याची खूण उमटली. उत्तर नाही.

पंधरा मिनिटं गेली. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा वाचलं, पुन्हा काही नाही. साडेतीन झाले. आई मशीनवरून म्हणाली, "फोन लाव ना सरळ."

"नंबर कुठं दिलाय त्यांनी?"

शेवटी नियमाप्रमाणे होकार समजून तिनं तुकडे उलटसुलट बसवले. काय सुरेख बसवले होते! बोटभर जागा वाया नाही. चारला पाच मिनिटं असताना पाठवून दिलं. तिकडून उत्तर आलं ते यंत्राचं, "मिळाले." त्या दिवशी मायलेकींनी दोन वेळा चहा केला.

दोन आठवड्यांनी बोलावणं आलं, स्क्रीनवरच. आठ करडी गोलं आणि एकाच चौकोनात तोंड, कंपनीतल्या मोठ्या साहेबाचं. चारशे कोट शिवून झाले होते, आणि प्रत्येकाची एक बाही काळपट, एक फिकी. पुढचा डावा भाग एका रंगाचा, उजवा दुसऱ्या. गिऱ्हाईकानं परत पाठवले.

"ही चूक शिकाऊ मुलीची आहे," साहेब म्हणाला. "प्रमाणपत्र रोखून ठेवतोय. जागेचा तर प्रश्नच नाही."

भिंगरीनं एकच विचारलं. "सर, कापड मखमल होतं का?"

"शीटवर नंबर होता ना?"

"नंबरला हात लावता येत नाही, सर."

आठातल्या एका गोलानं तिचा आवाज बंद केला. हो, तसं करता येतं म्हणे. बोलणाऱ्याचं तोंड लांबून बंद करायचं बटण असतं! पोरीचे ओठ हलत होते आणि तिकडे काहीच ऐकू जात नव्हतं. आई टेबलाशी उभी होती, हातात मोठी कात्री. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या.

"ऊठ," ती म्हणाली. "पत्ता आहे ना कंपनीचा? चल."

"आई, तुझा गुडघा..."

"गुडघ्याचं मी बघते. तू चपला घाल."

दोघी तशाच बसनं गेल्या. कंपनी कसली, किल्ला! काचेची भिंत, लोखंडी फाटक, आणि फाटकाशी वॉचमन.

"कुणाला भेटायचंय?"

"मी इथं काम करते, काका. कटिंगमध्ये," भिंगरी म्हणाली.

वॉचमननं वही उघडली, पानं उलटली. "नाव नाही तुझं. मी सात वर्षं या फाटकावर आहे, तुला कधी पाहिली नाही."

"सहा महिने झाले, काका."

"मग भिंतीवरून उडी मारून येत होतीस की काय?"

त्याचं काय चुकलं? त्याला जे दिसलं तेच तो बोलला. तेवढ्यात कटिंगचा मास्तर चहा प्यायला बाहेर आला. डोक्यावर पांढरे केस की कापडाची लव, ओळखू येत नव्हतं, आणि कानामागं खडू. वॉचमन म्हणाला, "मास्तर, ही म्हणते तुमच्याकडची आहे."

"माझ्याकडे कुणी पोरगी नाही."

"मखमलीचा मार्कर मी केलेला, मास्तर," भिंगरी म्हणाली.

मास्तरनं चहा तसाच खाली ठेवला. "तू होय ती! चारशे कोटांची वाट लावलीस! माझ्या तीस वर्षांच्या नावाला काळं फासलंस! डोळे फुटले होते तुझे?"

"डोळे होते. हात नव्हते," भिंगरी म्हणाली. "मला ते कापड दाखवा. मग हव्या तेवढ्या शिव्या द्या."

मास्तरनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या आईकडे. तो म्हणाला, "या."

आणि भिंगरीनं ते टेबल पाहिलं. हे तेच टेबल, ज्याच्यासाठी सहा महिने ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. या टोकाचा माणूस त्या टोकाला लहान दिसावा एवढं लांब. कडेला त्या मखमलीचा गठ्ठा पडला होता, गडद जांभळा. ती जवळ गेली, डोळे मिटले, तळहात ठेवला आणि फिरवला. जेमतेम वीतभर.

"मांजर उलट," ती म्हणाली. आणि तिथंच रडू फुटलं तिला. दुःखाचं नव्हे, संतापाचं. "आई, एवढंच होतं गं! एवढंसं तर होतं!"

मास्तर पाहतच राहिला. मग खाली बसला, स्टुलावर. आवाज उतरला त्याचा.

"मला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?" आईनं विचारलं.

"कागद थरावर ठेवला तेव्हाच. तुकड्यांवर कापडाचं तोंड दाखवणारे बाण असतात, त्यांची तोंडं दोन्हीकडे होती. मी वर फोन केला. म्हटलं, ही मखमल आहे, मार्कर चुकलाय. वरून सांगितलं, सिस्टिममधून आलंय, कापा. कुणी केलाय विचारलं, तर म्हणाले नाव नाही, कोड आहे. आता कोडला काय हाक मारू? ही पोरगी या टेबलाशी उभी असती ना, तर इथून ओरडलो असतो, 'ए भवाने, उलटं ठेवलंयस!' झालं असतं काम. एवढ्याचंच काम होतं."

"आणि तरी कापलंत?" आई कडाडली. "तीस वर्षांचा हात तुमचा! कात्री खाली ठेवता आली नाही?"

मास्तरनं कानामागचा खडू काढून टेबलावर ठेवला. "चला वर," तो म्हणाला.

तिघं वर गेली. मॅडम सापडली. करड्या गोलातली मॅडम! भिंगरीनं मनात केवढी राक्षसीण रंगवली होती. तर ती निघाली हिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी पोर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पुढ्यात दोन स्क्रीन आणि त्यांवर टिकटिक निरोप पडतायत.

"मॅडम, मी दोनदा विचारलं होतं," भिंगरी म्हणाली.

मॅडमनं हिला ओळखलं नाही. कशी ओळखणार? नाव सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. "माझ्याकडे असे एकोणतीस जण आहेत," ती म्हणाली. "एकोणतीस घरांतून विचारत असतात. वाचते, पुढचं येतं, मागचं राहतं. मलाही कुणी शिकवलं नाही हो. मीपण घरूनच शिकलेय."

तिला शिव्या द्यायला आलेल्या आईनं शिव्या तशाच मागं घेतल्या. राग गेला नाही, पण ठेवायला जागा दुसरी शोधावी लागली. ती जागा काचेच्या खोलीत बसली होती.

साहेबानं सगळं ऐकलं. भिंगरीनं फोनवर दोन्ही प्रश्न दाखवले, वाचल्याच्या खुणा दाखवल्या, रिकामा रकाना दाखवला. साहेब घड्याळाकडे बघून म्हणाला, "ठीक आहे, ठीक आहे. प्रमाणपत्र देऊन टाका हिला." जागेचं नावही काढलं नाही. पाच मिनिटांत यंत्रातून गुळगुळीत कागद बाहेर आला, सोनेरी नावाचा. भिंगरीनं उभ्या उभ्या वाचला. मोठ्यानं.

"यांनी आमच्या कटिंग विभागात सहा महिने प्रत्यक्ष काम करून अनुभव घेतला आहे." ती थांबली. "प्रत्यक्ष?"

"सगळ्यांना तेच छापून देतो."

"मी त्या विभागात आज पहिल्यांदा पाय ठेवला, सर. तुमच्या वॉचमनला विचारा. हे खोटं आहे. यात लिहा की रकाना रिकामा होता, मी दोनदा विचारलं आणि कुणी उत्तर दिलं नाही."

"असं प्रमाणपत्रात लिहीत नाहीत."

"मग चूक माझी, असं तरी तुम्ही सगळ्यांसमोर का म्हणालात?"

साहेब कागदपत्रं आवरायला लागला. आईनं कोपरानं ढोसलं, कानात म्हणाली, "घे मुकाट्यानं. वर्ष जाईल, भिंगरे."

भिंगरीनं कागद टेबलावर ठेवला. पालथा.

जिना आई एकेक पायरी करून उतरली. एक हात कठड्यावर, एक गुडघ्यावर. मग म्हणाली, "बरं केलंस. पण वर्ष गेलं ना?"

"गेलं."

"बापाला तू सांगायचंस. मी नाही."

फाटकाशी मास्तर धावत आला. त्या जांभळ्या मखमलीचा हातभर तुकडा भिंगरीच्या हातात कोंबला आणि वळून गेला.

कॉलेजनं वर्ष बुडवलंच. त्यांना कागद हवा होता, खरा की खोटा याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. भिंगरी दोन बस बदलून त्या लहान कारखान्यात गेली. मालकिणीनं ओळखलं.

"सहा महिन्यांपूर्वी का नाही आलीस?"

"घरी बसले होते."

"इथं बसायला मिळायचं नाही. तो झाडू."

आता ती रोज पहाटेची बस धरते. दिवसभर मालकीण तिच्या पाठीशी उभी राहून ओरडते, "कात्री सरळ धर! कापडाचं तोंड बघ आधी!" संध्याकाळी अंगभर लव घेऊन येते आणि आई तिला दारातच झटकते. साहेबी खुर्ची आता आईच्या मशीनशी गेलीय. पाय पुरत नाहीत तिथून, म्हणून आई खाली पाट ठेवते.

बाप परतला तेव्हा त्यानं आधी खुर्ची पाहिली, मग सगळं ऐकलं. टेबलावर तो मखमलीचा तुकडा होता.

"हेच ते?"

"हेच. डोळे मिटा, बाबा."

"हे काय आता..."

"मिटा तर."

बापानं डोळे मिटले. स्टिअरिंग धरून धरून घट्टे पडलेला तो तळहात. तिनं तो धरला आणि कापडावरून एकदा इकडून तिकडे नेला, एकदा तिकडून इकडे.

"एका बाजूनं जातोय," बाप म्हणाला. "दुसरीकडून अडतोय." मग त्यानं डोळे उघडले, आणि त्याचा आवाजच बदलला. "अगं, हे तर मला ट्रकवाल्यालासुद्धा कळलं."

"तुम्ही हात लावलात ना, बाबा," भिंगरी म्हणाली.